शिष्यवृत्ती : पारितोषिक की देणे?

शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या घरांतून ज्या आदराने उच्चारला जातो, तो आदर पैशाशी संबंध असलेल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाच्या वाट्यास क्वचितच आला असेल. पगार, भत्ता, उसनवारी, अनुदान ह्या सर्वांत पैसा आहे आणि पैशापलीकडे विशेष काही नाही. शिष्यवृत्ती म्हटली की मात्र पैसा मागे पडतो आणि मान पुढे येतो. मुलाला शिष्यवृत्ती मिळाल्याचे गावी कळवताना तिची रक्कम सांगावयाची पुष्कळदा राहूनच जाते, आणि ऐकणाऱ्यासही त्यात काही उणे वाटत नाही.

अशा ह्या शब्दाला अलीकडे एक नवे नाते जोडले गेले आहे. वाचन, लेखन किंवा गणित ह्यांपैकी एखादी गोष्ट ज्यांस कितीही प्रयत्न केले तरी इतरांसारखी साधत नाही, अशा तरुण-तरुणींस महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळण्याची सोय आपल्या देशात झालेली आहे. हे ऐकले की भल्या भल्या सज्जनांच्या कपाळाला आठी पडते. ज्यास धड वाचता येत नाही त्यास विद्येची वृत्ती कशासाठी, असे ते उघड विचारीत नाहीत. पण प्रश्न मनात असतो. आम्हांला हा प्रश्न दुष्टपणाचा वाटत नाही. तो प्रामाणिक आहे, आणि म्हणून त्याचा विचारही प्रामाणिकपणे झाला पाहिजे.

प्रथम ही मंडळी कोण, हे समजून घेऊ. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ह्या अवस्थेला स्थान नव्हते. २०१६ साली दिव्यांगजन अधिकार अधिनियम संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हा एक प्रकार आहे. बोललेली वा लिहिलेली भाषा ग्रहण करण्याच्या क्रियेत उणीव असणे, आणि त्यामुळे वाचणे, लिहिणे, शुद्धलेखन किंवा आकडेमोड ह्यांत अडचण येणे, असा तिचा थोडक्यात अर्थ. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया ही नावे आता वर्तमानपत्रांतूनही रूढ झाली आहेत. बुद्धिमांद्याशी तिची गल्लत करू नये. कायद्यानेही बौद्धिक अक्षमता हा प्रकार वेगळा गणला आहे.

ही अवस्था आजची नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, आकडेमोड करीत असे. पण छापील शब्द त्याच्या डोळ्यांपुढे आला की जणू मुका होऊन जाई. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी झाले असते तर शाळेतील सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता. ह्या एका वाक्यात आमच्या मते सगळा प्रश्न येऊन गेला आहे. आपल्याकडील वेदपाठशाळांतून विद्या कानाने घेतली जाई आणि मुखाने दिली जाई. अक्षरओळख नसलेली वारकरी माणसे शेकडो अभंग मुखोद्गत म्हणत, आणि त्यांना कोणी मंद म्हणत नसे. अशा काळी जन्मलेल्या डिस्लेक्सियाच्या मुलाची उणीव बहुधा कोणाच्या लक्षातही आली नसती. छापखाना आला, लेखी परीक्षा आली, आणि विद्येच्या वाड्याला वाचन हा एकच दरवाजा उरला. अडचण काल्पनिक आहे असे आम्ही म्हणत नाही. ती उपजत असते आणि पुष्कळदा घराण्यात उतरते. परंतु तिचे ओझे किती व्हावे हे मात्र आपण उभारलेल्या दरवाजावर अवलंबून राहते.

आता शिष्यवृत्तीकडे वळू. आपल्या मराठी परंपरेत विद्यार्थ्याला द्रव्य देण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती होऊन गेल्या आहेत, आणि आपल्या मनातील गोंधळ बराचसा ह्या दोन रीतींची सरमिसळ झाल्यामुळे उत्पन्न होतो. पहिली रीत दक्षिणेची. सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली. श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मण जमत, त्यांची परीक्षा होई आणि ज्याच्या त्याच्या विद्येप्रमाणे त्याला दक्षिणा मिळे. इंग्रजी अंमलात त्याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाली. न्यायमूर्ती रानडे हे तरुणपणी दक्षिणा फेलो होते. ही रीत पारितोषिकाची. विद्या आधी सिद्ध व्हावी, द्रव्य मागाहून यावे.

दुसरी रीत वसतिगृहाची. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे एकामागून एक अनेक समाजांसाठी काढविली. तेथे दाराशी उभ्या असलेल्या खेड्यातील पोराला ‘तू आजवर काय मिळवलेस’ असे विचारण्यात अर्थच नव्हता. मिळवण्याची संधी त्याला कधी लाभलीच नव्हती. आधी राहण्याजेवण्याची सोय, मग विद्या, आणि गुण सर्वांच्या शेवटी. ही रीत देण्याची. आणि ‘देणे’ हा शब्द आम्ही येथे ‘कर्ज फेडणे’ ह्या अर्थाने वापरीत आहोत. समाजाने ज्याची वाट अडवली त्याचे समाज काही देणे लागतो, एवढाच तिचा आधार.

कधी कधी दोन्ही रीती एकाच ठिकाणी भेटतात. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तो त्यांच्या बुद्धीचा गौरव होता की त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची अल्पशी भरपाई होती, हे दोन्ही अंगांनी सांगता येईल. परंतु असे योग सर्वांच्या बाबतीत जुळत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेला तरुण जेव्हा अर्ज घेऊन उभा राहतो, तेव्हा आपण नकळत त्याला दक्षिणेच्या रांगेत उभा करतो आणि मग तो तेथे शोभत नाही म्हणून कुरकुरतो. वास्तविक तो वसतिगृहाच्या दाराशी आलेला असतो.

येथे एक बळकट आक्षेप आहे आणि तो आम्हां कारकून मंडळींच्या तोंडी विशेषच शोभेल. नियम सर्वांस सारखा असावा. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, असे झाले की न्याय संपला. हे खरे आहे. मात्र नियम सारखा असणे म्हणजे नेमके काय सारखे असणे? इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेला तीन तास असतात. त्या तीन तासांत विद्यार्थ्याचे इतिहासाचे ज्ञान मोजावे असा आपला हेतू असतो. ज्याला एक उतारा वाचावयाला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, त्याच्या बाबतीत ते तीन तास इतिहास मोजीत नाहीत. त्याची वाचनाची गती मोजतात, आणि गुणपत्रिकेवर मात्र ‘इतिहास’ असे लिहिले जाते. दर तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पत्रिकेस एक तास, जादा देण्याचा जो नियम आज आहे, त्याने अशा मुलास एकही गुण फुकट मिळत नाही. त्याच्या पुस्तिकेवर ‘इतिहास’ हा शब्द खरा ठरावा एवढेच त्याने साधते.

पण वेळ दिला की पुरे, पैसा कशाला, असे कोणी म्हणेल. पैसा अशासाठी की, परीक्षेचे तीन तास म्हणजे शिक्षण नव्हे. महाविद्यालयाची वर्षे आणि त्या वर्षांतील शेकडो पाने ह्या तरुणापुढे असतात. त्याला पुस्तक वाचून दाखवणारा कोणी लागतो किंवा वाचून दाखवणारे यंत्र लागते. वेगळ्या पद्धतीने शिकवणारा शिक्षक लागतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कधी चार वर्षे लागतात आणि त्या चौथ्या वर्षाचा खर्च आईबापांच्या अंदाजपत्रकात नसतो. श्रीमंताघरच्या मुलाची ही सोय मुकाट्याने होऊन जाते, तिला कोणी सवलत म्हणत नाही. गरिबाघरचा मुलगा मात्र बारावीनंतर ‘ह्याला शिक्षणात गोडी नाही’ एवढ्या एका शेऱ्यावर घरी बसतो. तो शेरा त्याच्याबरोबर जन्मभर चालतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. निधी मर्यादित आहे. केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सर्व प्रकारच्या दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळून साऱ्या देशात १७,००० इतकीच ठेवलेली आहे. एकाला दिली की दुसऱ्याची जाते. अंध मुलगी आणि डिस्लेक्सियाचा मुलगा ह्यांत कोणाचे दुःख मोठे, हे कोणी व कसे ठरवावे? आम्हांला ह्याचे समाधानकारक उत्तर सुचत नाही, आणि ते आहे असा आवही आम्ही आणणार नाही. तथापि एक गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. जे दिसते त्याची कीव लवकर येते. पांढरी काठी दिसते. डोक्यात अडखळणारे अक्षर दिसत नाही. न दिसणाऱ्या अडचणीचा दावा खोटाच असेल असे मानण्याकडे आपला कल असतो. हा कल म्हणजे न्याय नव्हे, हे निदान आपण जाणले पाहिजे.

ह्या न दिसण्यामुळेच दाखल्याचा प्रश्न इतका मोठा झाला आहे. कायद्याने ४० टक्के ही रेघ ओढली. तितके अपंगत्व असल्याचा दाखला असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील निदान ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो आणि केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासंबंधी २०१८ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणीसाठी बंगलोरच्या ‘निम्हान्स’ संस्थेची कसोटी नेमून दिली. आठव्या वर्षानंतर दाखला, चौदाव्या वर्षी फेरतपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा एकदा, आणि तो अखेरचा दाखला आजन्म, असा क्रम त्यांत ठरला. परंतु दृष्टी किंवा हात मोजावा तसे वाचन शेकड्यांत कसे मोजावे? वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या परिशिष्टात अध्ययन अक्षमतेची तीव्रता मोजण्याचे परिमाण उपलब्ध नसल्याने ४० टक्क्यांची मर्यादा मनमानीच आहे, अशी स्पष्ट कबुली आहे. सरकारी कागदात इतका प्रांजळपणा आम्ही क्वचितच पाहिला आहे. मर्यादा मनमानी आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते, आणि तरीही ती कागदावर राहिली.

आम्ही कचेरीत बसणारे लोक रेघेचे महत्त्व जाणतो. रेघ नसली तर वशिला शिरतो. टेबलामागील माणसाची मर्जी हाच कायदा होतो. म्हणून रेघच नको असे आम्ही म्हणणार नाही. पण रेघ ही कामकाजाची सोय आहे, माणसाचे वर्णन नव्हे, हे विसरले की अनर्थ होतो. ३८ टक्के आणि ४० टक्के ह्यांतील फरक कागदावर दोन आहे; पदरात पडणाऱ्या मदतीत तो सर्वस्वाचा आहे. ही विसंगती न्यायालयाच्याही नजरेस आली. २०२१ च्या फेब्रुवारीत, लिहिताना हाताला पेटका येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याला अनुसरून १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने त्या रेषेखालील विद्यार्थ्यांसाठी परीक्षेच्या वेगळ्या सूचना काढल्या. म्हणजे परीक्षेच्या दालनातील रेघ पुसट झाली. शिष्यवृत्तीच्या दारातील मात्र पूर्वीइतकीच ठळक आहे. परीक्षा देण्यास जो पात्र, तो परीक्षेपर्यंत पोहोचण्याच्या मदतीस पात्र नाही, हे तर्काला धरून दिसत नाही.

२०२१ च्याच नोव्हेंबरात आणखी एक प्रकरण निकालात निघाले. लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जादा तास मिळावयाचा होता. केंद्रावर तो मिळाला नाही. न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चूक निस्तरण्याचा मार्ग काढावयास सांगितले. पण परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश काही दिला नाही. नियम पुस्तकात होता, हक्क कायद्यात होता; तो तास तेवढा परत येऊ शकला नाही. टेबलाच्या ज्या बाजूला आपण बसतो त्या बाजूने ही हकीकत वाचावी, अशी आमची सहव्यवसायी वाचकांस विनंती आहे. खिडकीशी आलेल्या माणसाचा हक्क त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असावा लागतो. सौजन्य तेथूनच सुरू होते.

आता ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे त्या तरुणाकडे पाहू. पारितोषिकाची शिष्यवृत्ती मिळवणारा मान वर करून अर्ज भरतो. ह्याला मात्र ‘मला जमत नाही’ असे आधी लिहून द्यावे लागते, त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि वयाच्या अठराव्या वर्षी, जेव्हा माणसाला आपण कोणीतरी आहोत असे प्रथमच वाटू लागते, तेव्हा ते पुन्हा एकदा सिद्ध करावे लागते. कित्येक मुले ह्याच कारणाने अर्ज करीत नसतील. ही लाज त्यांनी जन्मतः आणलेली नसते. शिष्यवृत्ती म्हणजे पारितोषिक हे आपणच त्यांना शिकवलेले असते. पगारी नोकर महिनाअखेर पगार घेताना लाजत नाही, कारण ते आपले येणे आहे हे तो जाणतो. समाज ज्या दिवशी ह्या शिष्यवृत्तीकडे देणे म्हणून पाहू लागेल, त्या दिवशी घेणाऱ्यालाही ती येणे म्हणून घेता येईल. कायद्यात त्यासाठी एक शब्दही बदलावा लागणार नाही.

बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आपल्या मंडळींना ह्या प्रश्नाची एक वेगळीच झळ लागते. बदलीच्या नोकरीत मुलाची शाळा बदलते, आणि शाळेबरोबर भाषा व लिपीही. आमच्या एका स्नेह्यांची बदली नागपुराहून मद्रासेस आणि तेथून कलकत्त्यास झाली. मुलगा वाचनात मागे पडला तेव्हा सर्वांनी दोष बदलीला दिला: आज तमिळ आडवी आली, उद्या बंगाली. निदान मुलगा अकरावीत गेल्यावर झाले. बदली हे कारण इतके उघड आणि इतके सोयीचे असते की त्यामागे दुसरे काही असेल ही शंकाच येत नाही. वास्तविक मुलाला मराठीतून तपासण्याचीही सोय आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांतील वाचन-अक्षमतेची जी कसोटी प्रसिद्ध केली, तीत हिंदी व कन्नडबरोबर मराठीही आहे. एका गावी मिळालेला अपंगत्वाचा दाखला कायद्याने साऱ्या देशात चालतो, हेही बदली होणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पैशाचे म्हणाल, तर आपली अवस्था मधल्यामध्ये आहे. सरकारी नोकराच्या दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ता दुप्पट मिळतो, पण सामान्यतः बारावीपर्यंतच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. सातव्या वेतन आयोगाने ठरवलेले किमान मूळ वेतन दरमहा १८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,१६,०००. त्यावर २०२४ च्या जानेवारीत लागू झालेला ५० टक्के महागाई भत्ता धरला तरी आकडा सव्वातीन लाखांच्या घरात जातो. म्हणजे केंद्राच्या सेवेतील अगदी खालच्या पायरीवरचा शिपाईही ह्या दाराबाहेर राहतो. तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘सक्षम’ नावाची, वर्षाला ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांची आहे. तिची माहिती गरजूंनी अवश्य करून घ्यावी. साधी कला वा वाणिज्य शाखा घेणाऱ्यास मात्र ती नाही.

ह्यावर सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आमची सूचना आपल्यापुरतीच आहे. गणेशोत्सवात किंवा वर्धापनदिनी आपली मराठी मंडळे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतात. तो अवश्य व्हावा. दक्षिणेची रीत वाईट नाही. तिच्या शेजारी दुसऱ्या रीतीलाही थोडी जागा द्यावी. मंडळाच्या निधीतून दरसाल एखाद्या तरी तरुणाला वा तरुणीला, अध्ययन अक्षमता असूनही महाविद्यालयात टिकून राहता यावे म्हणून, काही रक्कम द्यावी. मंडळाला ४० टक्क्यांची रेघ बंधनकारक नाही. तज्ज्ञाचे पत्र आणि घरची परिस्थिती पाहून ते निर्णय घेऊ शकेल. रक्कम व्यासपीठावर बोलावून देऊ नये, नाव छापू नये. दोन सभासदांनी घरी जाऊन द्यावी, आणि पुढील वर्षी गुण किती पडले हे न विचारता अभ्यास चालू आहे ना, एवढेच विचारावे. चालू असेल तर पुन्हा द्यावी.